वाचकांचे प्रश्न : कार्ल सँडबर्गची कोणती पुस्तकं घ्यावीत, कशी वाचावीत?

कार्ल सँडबर्ग (१८७८–१९६७) या अमेरिकन कवी आणि लिंकन-चरित्रकाराविषयी आलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत. सँडबर्ग इलिनॉयमधल्या गेल्सबर्गचा. आईवडील स्वीडनहून आलेले, वडील रेल्वेच्या लोहारशाळेत कामगार. पुढे शिकागोत वर्तमानपत्रातली नोकरी सांभाळून त्याने कविता लिहिल्या, लोकगीतं जमवली आणि लिंकनचं सहा खंडी चरित्र लिहिलं. आलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकाच गोष्टीत आहे. सँडबर्गच्या नावावरची पुस्तकांची यादी लांबलचक दिसते, पण त्यातली बरीच पुस्तकं आधीच्या मोठ्या पुस्तकांतून काढलेली आहेत. मूळ कोणतं आणि काढलेलं कोणतं हे एकदा कळलं की पैसेही वाचतात आणि वेळही.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात लिंकन-चरित्राचे डेल लॉरेल छापाचे तीन पेपरबॅक खंड मिळाले. दुकानदाराने ‘पूर्ण संच’ म्हणून दिले. मात्र हे चरित्र सहा खंडांचं आहे असं नंतर वाचनात आलं. उरलेले तीन कुठे मिळतील? (पुणे)

तुमचा संच पूर्णच आहे, मात्र तो संक्षिप्त आवृत्तीचा आहे. उरलेले तीन खंड शोधत बसू नका, कारण या छापात ते निघालेलेच नाहीत.

मूळ चरित्र दोन टप्प्यांत आलं. ‘अब्राहम लिंकन : द प्रेअरी इयर्स’ हे दोन खंड १९२६ साली हारकोर्ट, ब्रेस या प्रकाशनाने काढले. लिंकनच्या जन्मापासून फेब्रुवारी १८६१ मध्ये तो अध्यक्षपद स्वीकारायला स्प्रिंगफील्ड सोडून निघतो तिथपर्यंतची हकीकत त्यांत आहे. ‘द वॉर इयर्स’ हे चार खंड १९३९ साली आले. ते तिथून सुरू होऊन १८६५ मधल्या हत्येपर्यंत आणि स्प्रिंगफील्डमधल्या दफनापर्यंत जातात. असे दोन अधिक चार मिळून सहा. १९५४ मध्ये सँडबर्गने स्वतःच या सगळ्याची काटछाट करून एका जाड खंडात ‘द प्रेअरी इयर्स अँड द वॉर इयर्स’ तयार केलं. तुमचे डेलचे तीन खंड म्हणजे तोच १९५४ चा मजकूर तिघांत विभागलेला : पहिला प्रेअरी इयर्स, दुसरा १८६१ ते १८६४, तिसरा १८६४–६५.

पुढच्या वेळी घेताना आधी शीर्षकपान उघडा. मूळ प्रेअरी इयर्सच्या शीर्षकपानावर १०५ चित्रांचा उल्लेख असतो. वॉर इयर्सच्या शीर्षकपानावर छायाचित्रांचे ४१४ हाफटोन आणि व्यंगचित्रं, पत्रं, दस्तऐवज यांचे २४९ ठसे अशी नोंद असते. ही नोंद नसेल आणि ‘एक खंडी’ किंवा ‘तीन खंडी’ असं लिहिलेलं असेल तर ती संक्षिप्त आवृत्ती समजा. ऑनलाइन विक्रेते अनेकदा नुसतं ‘सँडबर्ग, लिंकन, व्हॉल्यूम १’ एवढंच लिहितात. तेवढ्यावर पैसे पाठवू नका. शीर्षकपान आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो मागवा. वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून सुटे खंड जमवणाऱ्यांची फसगत इथेच होते. दोन मूळ खंडांच्या जोडीला डेलचा तिसरा खंड येतो आणि मधली वर्षं गायब होतात.

आणखी दोन पुस्तकं याच चरित्रातून काढलेली आहेत. ‘एब लिंकन ग्रोज अप’ (१९२८) म्हणजे प्रेअरी इयर्सची सुरुवातीची प्रकरणं मुलांसाठी वेगळी काढून छापलेली. ‘स्टॉर्म ओव्हर द लँड’ (१९४२) म्हणजे वॉर इयर्समधला लढायांचा भाग. सहा खंड घरात असतील तर ही दोन्ही घ्यायची गरज नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी मात्र पहिलं जरूर घ्या. त्यासाठी दुसरं इतकं चांगलं पुस्तक आम्हाला ठाऊक नाही.

एम.ए.च्या प्रबंधासाठी लिंकनवर काम करते आहे. सँडबर्गचा संदर्भ देऊ का? मार्गदर्शक ‘देऊ नकोस’ म्हणतात, ग्रंथपाल ‘याहून मोठं चरित्र नाही’ म्हणतात. (नाशिक)

दोघांचंही बरोबर आहे. मोठं आहे यात शंका नाही. एकट्या वॉर इयर्सचे शब्द अकरा लाखांच्या वर भरतात. अडचण अशी की दोन्ही भागांत तळटिपा नाहीत. एखादं वाक्य कोणत्या कागदावरून घेतलं हे पानावर कळत नाही.

त्यातही दोन भागांत फरक करा. प्रेअरी इयर्समध्ये कवीने इतिहासकाराच्या हातून लेखणी काढून घेतल्याच्या बऱ्याच जागा आहेत. लिंकनची आई नॅन्सी हँक्स काय विचार करत असेल, शेतातून चालताना त्या मुलाला काय वाटत असेल, हे सँडबर्ग पाहिल्यासारखं लिहितो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण अ‍ॅन रटलेजचं. ही न्यू सेलम गावातली तरुणी १८३५ च्या ऑगस्टमध्ये वारली. लिंकनचं तिच्यावर प्रेम होतं ही कथा जगापुढे आली ती लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडनच्या १८६६ मधल्या व्याख्यानातून, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनी आणि लिंकनच्याही मृत्यूनंतर. तिचा आधार गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. सँडबर्गने १९२६ मध्ये या आठवणींवर हळवं प्रेमप्रकरण उभं केलं. १९२८ च्या अखेरीस ‘अटलांटिक मंथली’ने लिंकन आणि अ‍ॅन यांची म्हणून काही पत्रं छापली तेव्हा सुरुवातीला सँडबर्गनेही ती खरी मानली. ती बनावट असल्याचं पॉल अँगल या अभ्यासकाने दाखवून दिलं आणि सँडबर्गने आपलं मत मागे घेतलं. १९५४ च्या आवृत्तीत त्याने अ‍ॅनचा भाग बराच आवरता घेतला. म्हणून प्रेअरी इयर्समधल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करायचाच असेल तर ती १९५४ मध्ये टिकली आहे का, हे आधी पाहा. गाळली किंवा मवाळ केली असेल तर तिच्यावर मुद्दा उभा करू नका.

वॉर इयर्स अधिक भरवशाचं आहे. भाषणं, पत्रं, वर्तमानपत्रांतले उतारे, सैनिकांचे आणि मंत्र्यांचे शब्द यांचा तिथे प्रचंड साठा आहे. पण एक तारीख लक्षात ठेवा : २६ जुलै १९४७. लिंकनचा मुलगा रॉबर्ट याने वडिलांचे खासगी कागद आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षं बंद ठेवण्याच्या अटीवर लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले होते. ते त्या दिवशी खुले झाले. वॉर इयर्स लिहिताना सँडबर्गपुढे ते नव्हते.

प्रबंधासाठी पद्धत सोपी आहे. सँडबर्गमध्ये लिंकनचं पत्र किंवा भाषण सापडलं की त्याची तारीख आणि ज्याला लिहिलं त्याचं नाव टिपून घ्या. मग रॉय बॅसलर यांनी संपादित केलेलं लिंकनचं समग्र लेखन उघडा. १९५३ मध्ये आठ खंडांत निघालेला हा संग्रह तारखेनुसार लावलेला आहे आणि मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्यात शब्दाने शोध घेता येतो, तोही फुकट. मजकूर तिथे मिळाला तर संदर्भ त्याचाच द्या. लिंकन कोणाला तरी ‘म्हणाला’ असं तोंडी वाक्य असेल तर ते कोणी आणि किती वर्षांनी लिहून ठेवलं हे पाहिल्याशिवाय वापरू नका. पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिलेल्या संवादात लिंकन नेहमीच फार नेमकं बोलतो.

सँडबर्गचं एकच पुस्तक असं आहे की ज्यात पुरावे सोबतच मिळतात : ‘मेरी लिंकन : वाइफ अँड विडो’ (१९३२). पहिला भाग सँडबर्गचं कथन, दुसरा भाग अँगलने निवडलेली मूळ पत्रं आणि कागद. ज्या अभ्यासकाने तीनच वर्षांपूर्वी बनावट पत्रं उघडी पाडली होती त्यालाच सँडबर्गने सोबत घेतलं. आमच्या मते त्याच्या चांगुलपणाची ही मोठी खूण आहे.

‘लिंकनचे हेडमास्तरांस पत्र’ आमच्या शाळेच्या भिंतीवर आहे. ते सँडबर्गच्या कोणत्या खंडात, कोणत्या पानावर आहे? (सातारा)

कोणत्याही खंडात नाही. बॅसलरच्या समग्र लेखनातही नाही. लिंकनने असं पत्र लिहिल्याचा पुरावाच नाही.

लिंकनच्या घरची माहितीही त्या पत्राशी जुळत नाही. चार मुलांपैकी एडी लहानपणीच गेला. रॉबर्ट १८५९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्सेटर शाळेत आणि पुढच्या वर्षी हार्वर्डला गेला, तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. पहिल्यांदा शाळेत जाणारं पोर नव्हे. विली आणि टॅडला व्हाइट हाऊसमध्ये शिक्षक घरी येऊन शिकवत. विली तिथेच फेब्रुवारी १८६२ मध्ये वारला.

मराठी घराघरांत आणि शाळाशाळांत हे पत्र पोहोचलं ते वसंत बापटांच्या रूपांतरामुळे. ते भिंतीवरून काढा असं आम्ही म्हणणार नाही. खाली बापटांचं नाव ठळक लिहा, लिंकनचं काढा. मुलांना लिंकनचंच खरं पत्र द्यायचं असेल तर २२ जुलै १८६० चं घ्या. रॉबर्टचा मित्र जॉर्ज लेथम हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला तेव्हा लिंकनने त्याला धीर देणारं छोटं पत्र लिहिलं. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असताना मुलाच्या मित्रासाठी त्याने वेळ काढला. समग्र लेखनाच्या चौथ्या खंडात ते आहे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी वर्गात वाचायला याहून चांगलं काही नाही.

बिक्सबी नावाच्या विधवेला लिहिलेलं २१ नोव्हेंबर १८६४ चं सांत्वनपत्र वॉर इयर्समध्ये आहे, समग्र लेखनातही आहे. पण ते लिंकनने लिहिलं की त्याचा सचिव जॉन हे याने, यावर अजून वाद आहे. शिवाय पत्रात तिचे पाच मुलगे रणात पडल्याचं म्हटलं आहे, प्रत्यक्षात दोन पडले होते. ते वर्गात लावलंत तर हेही सांगा.

सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात सँडबर्गची ‘फॉग’ कविता आहे. एवढीशी कविता, तिच्यावर चाळीस मिनिटांचा तास कसा घ्यायचा? मुलं नेमकी कुठे चुकतात? (ठाणे)

सहा ओळी, इंग्रजीत २१ शब्द. धुकं मांजरीच्या पावलांनी येतं, बंदर आणि शहर न्याहाळत बसतं आणि पुढे निघून जातं. एवढंच त्यात घडतं. चुका साधारण तीन ठिकाणी होतात.

पहिली चूक चित्रात दिसते. मुलांना कविता काढायला सांगितली की ती समुद्र, नारळाची झाडं आणि मुंबईचं बंदर काढतात. ते बंदर शिकागोचं आहे, मिशिगन सरोवराच्या काठचं. नकाशा दाखवा, म्हणजे गोड्या पाण्याच्या सरोवराला बंदर कसं, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात आणि तासातली दहा मिनिटं सार्थकी लागतात.

दुसरी चूक अलंकाराची. ‘सारखं’, ‘जणू’ असा शब्द कवितेत कुठेच नाही, म्हणून उपमा लिहू नये. ते रूपक आहे. चेतनगुणोक्ती लिहिणाऱ्या मुलांना विचारा की इथे धुक्याला माणसाचे गुण दिले आहेत की मांजराचे?

तिसरी चूक यमक शोधण्याची. कविता मुक्तछंदात आहे, यमक नाही. त्या काळात सँडबर्ग जपानी हायकू वाचत होता, म्हणून काही मार्गदर्शिका तिला हायकू म्हणतात. ते चुकीचं आहे. ओळींची विभागणी पाहायला लावा : आधी दोन ओळी, मग मोकळी जागा, मग चार. धुकं येतं ते पहिल्या दोनांत. बसणं आणि जाणं उरलेल्या चारांत. फळ्यावर सहाही ओळी सलग लिहून एकदा वाचून घ्या, मग मूळ विभागणीने. त्या मोकळ्या जागेत वाचणाऱ्याचा आवाज आपोआप थांबतो, हे मुलांच्या कानांनाच कळतं.

मूळ पुस्तकात कविता शोधणाऱ्यांसाठी : ‘शिकागो पोएम्स’ (१९१६) मध्ये ‘फॉग्ज अँड फायर्स’ नावाचा विभाग आहे, पण ही कविता त्यात नाही. ती ‘हँडफुल्स’ या विभागात अगदी सुरुवातीला आहे.

‘कम्प्लीट पोएम्स’ घेतलं की सगळ्या कविता आल्या ना? (कोल्हापूर)

कोणत्या सालचं, यावर अवलंबून आहे. १९५० च्या आवृत्तीत तोवरचे मुख्य संग्रह आले : शिकागो पोएम्स, कॉर्नहस्कर्स (१९१८), स्मोक अँड स्टील (१९२०), स्लॅब्ज ऑफ द सनबर्न्ट वेस्ट (१९२२), गुड मॉर्निंग, अमेरिका (१९२८) आणि द पीपल, येस (१९३६). अर्थातच १९६३ चा ‘हनी अँड सॉल्ट’ त्यात नाही. तो हवा असेल तर १९७० ची वाढवलेली आवृत्ती पाहा. तिला आर्चिबाल्ड मॅक्लीश यांची प्रस्तावना आहे, त्यामुळे लगेच ओळखू येते.

तिच्यातही सगळं नाही. गेल्सबर्गच्या लॉम्बर्ड कॉलेजातले प्राध्यापक फिलिप ग्रीन राइट यांनी स्वतःच्या छोट्या छापखान्यात काढलेल्या पहिल्या पुस्तिका (त्यातली ‘इन रेकलेस एक्स्टसी’ १९०४ ची) बाहेर राहिल्या. मृत्यूनंतर निघालेले ‘ब्रीदिंग टोकन्स’ (१९७८) आणि ‘बिली संडे अँड अदर पोएम्स’ (१९९३) हेही वेगळेच आहेत. यातलं शेवटचं जरूर मिळवा. बिली संडे हा त्या काळचा गाजलेला धर्मप्रचारक. त्याच्यावरची जळजळीत कविता १९१५ मध्ये नियतकालिकात नावानिशी आली. पुस्तकात घेताना प्रकाशनाच्या संपादकाने, आल्फ्रेड हारकोर्टने, ती मवाळ करायला लावली. नाव गेलं आणि ‘टू अ कंटेम्पररी बंकशूटर’ या मथळ्याखाली ती शिकागो पोएम्समध्ये आली. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले की संपादनाची कात्री कुठे चालली ते ओळीओळीत दिसतं.

सुरुवात मात्र समग्र संग्रहाने करू नका. दोन पुस्तकं पुरेत. शिकागो पोएम्स आधी, मग ‘द पीपल, येस’. हे दुसरं १०७ भागांचं आहे आणि मंदीच्या काळात लिहिलेलं. म्हणी, थापा, कामगारांचे टोमणे, रस्त्यावरचे संवाद यांनी ते भरलेलं आहे. सलग वाचलं तर विसाव्या भागापाशी मन थकतं, म्हणून रोज चार-पाच भाग घ्या. आमच्या मते सँडबर्गचं सगळ्यात धाडसी पुस्तक हेच.

सँडबर्गला पुलित्झर दोन की तीन? (बेळगाव)

दोन्ही आकडे छापलेले दिसतात त्याचं कारण १९१९. त्या वर्षी ‘कॉर्नहस्कर्स’ला मार्गारेट विडेमर यांच्या संग्रहासोबत विभागून पारितोषिक मिळालं, पण पैसे पोएट्री सोसायटीचे होते. कवितेचं नियमित पुलित्झर १९२२ पासून सुरू झालं. १९१९ चं धरलं तर तीन. बाकीची दोन म्हणजे वॉर इयर्सला १९४० मध्ये आणि कम्प्लीट पोएम्सला १९५१ मध्ये. १९४० चं पारितोषिक चरित्र विभागात नसून इतिहास विभागात आहे. वॉशिंग्टन आणि लिंकन यांची चरित्रं तेव्हा चरित्र विभागाच्या नियमांनीच वगळलेली होती. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

पत्रकार म्हणून त्याने काही टिकाऊ लिहिलं का? (मुंबई)

‘द शिकागो रेस रायट्स’ (१९१९). शिकागो डेली न्यूजसाठी कृष्णवर्णीयांची घरं, मजुरी, दक्षिणेतून होणारं स्थलांतर यांवर त्याची लेखमाला चालू असतानाच २७ जुलैला दंगल पेटली आणि ३८ माणसं गेली. लहानसं पुस्तक आहे, भाषा कोरडी, आकडे आणि पत्ते देणारी. सँडबर्गवर लिहिणारे बहुतेक जण ते एका ओळीत उरकतात, हे आम्हाला खटकतं.

नातवंडांसाठी ‘रूटाबागा स्टोरीज’ कशी? (नागपूर)

सात वर्षांपुढे, मोठ्याने वाचून दाखवायला उत्तम. राजे-राजवाडे नसलेल्या, मक्याच्या शेतांच्या आणि आगगाड्यांच्या अमेरिकन परीकथा सँडबर्गने आपल्या मुलींसाठी लिहिल्या. पहिलं पुस्तक १९२२ चं, दुसरं ‘रूटाबागा पिजन्स’ १९२३ चं. दोन गगनचुंबी इमारतींना मूल व्हायचं असतं, ती गोष्ट आधी स्वतः वाचा. त्यांचं मूल म्हणजे आगगाडी, आणि शेवट अपघाताचा आहे. झोपताना वाचण्यासारखी ती नाही.

सँडबर्गच्या कवितांचा मराठी अनुवाद छापायचा आहे. परवानगी लागेल का? (पणजी)

भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. सँडबर्ग २२ जुलै १९६७ रोजी वारला, म्हणजे हयातीत छापलेल्या लेखनाची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या लेखनाला ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ‘ब्रीदिंग टोकन्स’मधल्या तेव्हाच प्रथम छापलेल्या कविता २०३८ अखेरपर्यंत बंद. अमेरिकेत त्या काळच्या पुस्तकांसाठी प्रकाशनापासून ९५ वर्षांचा हिशेब आहे. शिकागो पोएम्स तिथे केव्हाच मोकळं झालं, १९२६ चं प्रेअरी इयर्स २०२२ पासून मोकळं, ‘द पीपल, येस’ मात्र २०३२ पर्यंत थांबेल. अमेरिकेत मोकळं पण भारतात मुदत शिल्लक, अशा पुस्तकाला आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेश (परदेशी लेखनाचे भारतातले हक्क ठरवणारा सरकारी आदेश) लागू होतो. त्याबाबत प्रकाशकाने वकिलाचं लेखी मत घ्यावं.

थांबायचं नसेल तर हारकोर्टची यादी आज हार्परकॉलिन्सकडे आहे, तिथल्या परवानगी विभागाला लिहा. पत्रात कवितांची नावं, प्रत्येकीच्या ओळींची संख्या, प्रतींची संख्या, किंमत, फक्त मराठी भाषा आणि विक्रीचा प्रदेश एवढं द्या. ‘काही निवडक कविता’ असं मोघम लिहिलं की पहिलं उत्तर यादी मागणारंच येतं आणि महिने जातात. मॅक्लीश यांची प्रस्तावना किंवा पुस्तकांतली चित्रं घेणार असाल तर त्यांचे हक्क वेगळे आहेत, त्यासाठी स्वतंत्र अर्ज करा. ऑनलाइन छापाही काढणार असाल तर ते पहिल्याच पत्रात लिहा. छापील प्रतींची परवानगी ई-पुस्तकाला लागू होत नाही.